मुरलेले रंग

साडीच्या दुकानात जाऊन एकदा ‘जरा शांत रंग दाखवा’ असं म्हणून पाहा. गादीवर बसलेले शेठ आतल्या मुलाला हाक मारतात, ‘अरे, डल कलरचा गठ्ठा काढ.’ मग समोर येतात त्या धुरकट, फिकुटलेल्या साड्या. गेल्या दिवाळीपासून कुणी घेतल्या नाहीत म्हणून त्या गठ्ठ्यात जाऊन पडलेल्या. बाकी भिंतभर राणी, पोपटी, शेंदरी, रामा यांचा नुसता गलका. शांत रंग वेगळा आणि मेलेला रंग वेगळा, हे कुणाला समजावणार?

आपल्या आज्यांना हा फरक बरोबर ठाऊक होता. त्यांच्या तोंडची नावं आठवा: विटकरी, आमसुली, शेवाळी, अंजिरी, बदामी, गव्हाळी, राखी, चिंचोक्याचा. सगळी नावं अंगणातली नाहीतर कोठीघरातली. तपकिरी तेवढा डबीतून आला, पण ती ओढायच्या तपकिरीची डबी! पोलिसांचा खाकीसुद्धा ‘खाक’ म्हणजे धूळ, माती, यावरूनच आला. हे रंग अंगावर ओरडत नाहीत. लोणच्यासारखे मुरलेले असतात. उन्हाळ्यात सुती साडीत तर ते फारच छान दिसतात, आणि सावळ्या रंगाला जितके खुलतात तितके कुणालाच नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी घरी ओढण्या, परकर, ब्लाऊजपीस रंगवून देते, त्यामुळे बायका मला हमखास विचारतात की भडक रंगाचा मातकट रंग करायचा कसा? बहुतेकजणींनी आधी घरी एक प्रयोग करून पाहिलेला असतो. रंगाच्या पुडीत चिमूटभर काळा मिसळायचा. तर्क सरळ आहे, रंग बसवायचा म्हणजे काळा घालायचा. पण कापड वाळलं की चेहरा पडतो. लालाचा विटकरी होण्याऐवजी त्याच्यावर एक निळसर मळकट झाक येते, जणू काळ्या परकराबरोबर भिजत पडलेला कपडा. याचं कारण त्या काळ्या पुडीतच आहे. कापडाचा काळा रंग बऱ्याचदा मुळात अतिशय गडद निळा असतो, किंवा दोनतीन रंगांचं मिश्रण असतो. भरपूर वापरला तर काळा दिसतो, चिमूटभर वापरला की त्याचं पोटातलं निळं बाहेर येतं.

मग काय घालायचं? विरुद्ध रंगाचा थेंब. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी रंगचक्र शिकवलं होतं ते आठवा. लालासमोर हिरवा, नारिंगीसमोर निळा, पिवळ्यासमोर जांभळा. समोरासमोरचे रंग एकमेकांची चमक खातात. लालात जरासा हिरवा घातला की तो विटकरीकडे झुकतो. झेंडूच्या नारिंगीत थोडा निळा गेला की तपकिरी. पिवळ्यात जांभळ्याचा अंश गेला की बदामी, खाकी. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर लाल, पिवळा, निळा या तीन मूळ रंगांपैकी दोन ठळक असतील तर तिसऱ्याचा थोडासा शिडकावा करायचा. साऱ्या मातकट रंगांची किल्ली एवढीच आहे. भाजीत गूळ घालतो तसं. गुळाची चव लागता कामा नये, पण नसला तर भाजी बोचते.

जुने नैसर्गिक रंग इतके शांत का दिसतात, याचंही उत्तर इथेच आहे. मंजिष्ठाच्या मुळात एकच लाल नसतो. त्यात लाल, नारिंगी, पिवळसर असे कितीतरी घटक एकत्र असतात. झाडाने मिश्रण आधीच करून ठेवलेलं असतं! १८५६ साली विल्यम पर्किन या अवघ्या १८ वर्षांच्या इंग्रज पोराने मलेरियावरचं क्विनाइन बनवायच्या खटपटीत पहिला गाजलेला कृत्रिम रंग शोधला, तो जांभळा. त्यानंतर रंग शुद्ध, एकेकटे आणि झगझगीत मिळायला लागले. १९५६ साली इंग्लंडच्याच आयसीआय कंपनीने सुती कापडाच्या धाग्याशी थेट जोडला जाणारा ‘रिॲक्टिव्ह’ रंग बाजारात आणला. आज बाटिकच्या, बांधणीच्या क्लासमध्ये थंड पाण्यात कालवून वापरतात तो याच जातीचा. किराणा दुकानात मिळणारी, पाण्यात उकळायची पुडी सहसा वेगळी. तीही चालते, पण धुण्यात लवकर उतरते. कष्ट तेवढेच पडणार, तर थंड पाण्याचाच रंग आणा. तालुक्याला नसला तर जिल्ह्याच्या गावी हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतो.

आणताना तीनच आणा: पिवळा, लाल आणि साधा निळा. फिरोजी निळा मात्र घेऊ नका. दिसायला मोहक, पण तो कापडाला सावकाश धरतो, आणि मिश्रणात बाकीचे दोघे बसून गेले तरी हा आपला पाण्यातच हिंडत असतो. दुकानदार ‘रेडिमेड ब्राऊन आहे की’ म्हणेल. त्याला हसून नाही म्हणा.

आता माप. रंगात अंदाजपंचे चालत नाही, कारण मातकट रंगात तिसऱ्या रंगाचे दोन चमचे जास्त झाले की सगळा खेळ बदलतो. प्रत्येक रंगाची १० ग्रॅम पूड वेगवेगळ्या बाटलीत एकेक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. १० ग्रॅम कसे मोजायचे? आजकाल छोटे डिजिटल काटे मिळतात. नाहीतर ओळखीच्या सोनाराला गळ घाला, बाजारात आता १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. त्यालाही जरा गंमत वाटते! पूड आधी चमचाभर पाण्यात पेस्टसारखी कालवा, मग पाणी वाढवा आणि जुन्या मलमलीतून गाळून घ्या. लाल पूड नीट विरघळली नाही तर साडीभर लाल ठिपके उठतात, आणि ते मग काही केल्या जात नाहीत. थेंब मोजायला औषधाच्या दुकानातली १० मिलीची सिरिंज, बिनसुईची. सोडा न घातलेलं हे रंगाचं पाणी थंड जागी काही दिवस टिकतं. सोडा पडला की मात्र काही तासांत त्याचा जीव जातो, म्हणून सोडा नेहमी शेवटी.

माझ्या हातची प्रमाणं सांगते, पण ती सुरुवात म्हणून घ्या, कारण प्रत्येक कंपनीचा निळा वेगळ्या ताकदीचा असतो. विटकरीला पिवळा ६ भाग, लाल ३ आणि निळा अर्धा. शेवाळीला पिवळा ७, निळा २, लाल १. तपकिरीला पिवळा ५, लाल ३, निळा २. अंजिरीला लाल ५, निळा ३, पिवळा १. राखी रंग सगळ्यांत अवघड. तो तिघांच्या समतोलावर उभा असतो आणि कुणीही जरा वरचढ झालं की पडतो. पहिल्याच दिवशी राखीच्या नादी लागू नका.

साडी भिजवण्याआधी वीतभर चौरस तुकडा रंगवून पाहणं मला फार महत्त्वाचं वाटतं. सुती कापडाचा असा तुकडा साधारण ५ ग्रॅमचा होतो आणि सुती साडी साधारण ५०० ग्रॅमची. म्हणजे हिशेब सरळ शंभरपटीचा! तुकड्याला २ मिली रंग लागला तर साडीला २०० मिली. तुकडा वाळवून, इस्त्री करून, मगच दारात उजेडात धरून बघायचा. ओलं कापड नेहमी गडद दिसतं. ओल्यावर भाळू नका.

साडी कशाची आहे ते आधी पाहा. पदराच्या टोकाचा एक धागा काढून जाळा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, त्याला हा रंग धरणार नाही. रेशमाला सोडा मानवत नाही, ते काम वेगळं. फॉल उसवून घ्या, नाहीतर साडी शेवाळी आणि फॉल आहे तसा पोपटी, असं ध्यान होतं. नव्या कापडाची खळ रात्रभर भिजवून, गरम साबणपाण्यात धुऊन काढा, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो.

एका साडीला १० लिटर पाणी. त्यात अर्धा किलो जाडं मीठ विरघळवायचं, रंगाचं पाणी ओतायचं आणि भिजवून पिळलेली साडी सोडायची. वीस मिनिटं सतत वरखाली करत राहायचं. हात थांबला की पट्टे पडतात. मग साडी वर उचलून, वेगळ्या पाण्यात विरघळवलेला दीडशे ग्रॅम धुण्याचा सोडा घालायचा (खायचा सोडा नव्हे हं!) आणि पुन्हा तासभर मधूनमधून हलवत ठेवायचं. नंतर गार पाण्यात दोनतीनदा खळबळून, शेवटी कडकडीत गरम साबणपाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. इथे कंटाळा केला तर पहिल्या पावसात ब्लाऊजवर रंग उतरलाच म्हणून समजा.

हे झालं पांढऱ्या कापडाचं. पण आपल्या कपाटात पांढरं असतं कुठे? तिथे असतात रंगीत साड्या, आणि खरी मजा, खरी अडचणही, तिथेच आहे.

आमच्या गल्लीतल्या एक काकू, साठीच्या पुढच्या. काका गेल्यावर चारेक महिन्यांनी एका दुपारी त्या अकरा सुती साड्यांचं बोचकं घेऊन माझ्याकडे आल्या. राणी, शेंदरी, पोपटी, लिंबू, सगळे ठसठशीत रंग. काकांना आवडायचे ते. ‘या सगळ्यांचा जोर कमी करून दे,’ म्हणाल्या. ‘टाकवत नाहीत आणि नेसवतही नाहीत.’

त्यांची सून मागोमाग आलीच. शिकलेली, नोकरी करणारी मुलगी. ‘आई, काही रंगवायच्या नाहीत. आहेत तशा नेसायच्या. लोक काय म्हणतात ते मी बघते.’ मला सुनेचं पटत होतं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. आणि मी काय इथे बादलीत बायकांचे रंग मारत बसायचं?

शेवटी मी काकूंना सरळच विचारलं, ‘हे तुम्हाला हवंय की लोकांना?’

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘थोडं लोकांना, थोडं मला. किती कुणाचं ते कसं मोजून सांगू? तुझ्यासारखी सिरिंज नाही माझ्याकडे.’ आणि पुढे म्हणाल्या, ‘पण पांढुरक्या करू नकोस. फिक्या नकोत. मला रंग हवेत, फक्त ते आता माझ्याआधी खोलीत शिरता कामा नयेत.’

यावर सून गप्प झाली, मीही.

रंगीत कापडावर रंग चढवताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, की खालचा रंग कुठे जात नाही. लिंबू साडीचा आकाशी कधीच होणार नाही. आपण फक्त वरून विरुद्ध रंगाचा पातळ पडदा टाकू शकतो. त्यासाठी रंगही फार थोडा लागतो, पूर्ण साडीला जेमतेम दोन ग्रॅम, म्हणजे आपल्या बाटलीतलं २०० मिली पाणी. मीठही निम्मं पुरतं. काकूंच्या राणी साडीवर मी हिरव्याकडे झुकणारा शेवाळी दिला, ती अंजिरी झाली. पोपटीवर पातळ विटकरी दिला, तिची सुकत आलेल्या मेंदीसारखी छटा आली. शेंदरीवर निळा, अगदी बेताने, आणि वाळल्यावर समोर आली ती दालचिनी. लिंबू रंगावर जांभळ्याची झाक दिली तो गव्हाळी झाला. तो सगळ्यांत सुंदर.

आणखी एक चमत्कार होतो तो सांगायलाच हवा. साडीचा अंग, काठ, पदर सगळे एकाच पाण्यातून जातात, त्यामुळे आधी एकमेकांशी भांडणारे रंग एका घरातले दिसायला लागतात. पोपटीचा काठ आधी जांभळा होता, डोळ्यांत खुपायचा. आता तो वांगी रंगाचा होऊन साडीत बसला. काठ नाहीसा होत नाही, फक्त त्याचा आवाज खाली येतो. प्लॅस्टिकच्या जरीला हा रंग धरत नाही, ती तशीच राहते. सोड्याच्या पाण्यात जर काळवंडते का, हे आधी टोकाला पाहून घ्यावं.

अकरांतल्या नऊच साड्या रंगवल्या. दोन काकूंनी ऐन वेळी परत उचलून नेल्या. एक हिरवी आणि एक लालबुंद. का, ते मी विचारलं नाही.

लोकांचं म्हणाल तर पुढच्याच आठवड्यात काकू अंजिरी साडी नेसून वाचनालयात गेल्या, आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई भर रस्त्यात म्हणाल्या, ‘अगंबाई, नवी घेतलीस? वर्षसुद्धा झालं नाही!’ घ्या! जुनी भडक साडी नेसली असती तरी बोलल्या असत्या. सुनेला हे कळल्यावर ती हसत हसत मला सांगायला आली. आता तिलाच त्या गव्हाळी साडीवर डोळा ठेवायचा आहे.

सोडा-मिठाच्या खटाटोपात पडायचं नसेल त्यांच्यासाठी काष्ठौषधींच्या दुकानातला मार्गही आहे. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेलं सुती कापड मळकट पिवळसर होतं. तेच हिराकशीच्या पाण्यातून काढलं की डोळ्यांदेखत राखाडी व्हायला लागतं, पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. डाळिंबाच्या सालींचा काढा आणि तुरटी मिळून मोहरीसारखा पिवळा देतात, त्यालाच हिराकशीचा हात लागला की मेंदी रंग. कात तपकिरी देतो, मंजिष्ठा आणि तुरटी विटकरी लाल. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. कलमकारीचे आणि अजरखचे कारागीर त्याऐवजी गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात कुजवून काळ्या रंगाचं पाणी करतात. लोखंड नैसर्गिक रंगांना तेच करतं जे आपला तिसरा रंग करतो, त्यांची चमक खाली आणतं. पण हात आखडता ठेवा. अर्ध्या किलो कापडाला १० ग्रॅम हिराकस पुष्कळ झाली. जास्त झाली तर सुती धागा कमजोर होतो आणि साडी घडीवर फाटते. हळदीचा आणि बिटाचा नाद मात्र सोडा. हळद उन्हात उडते आणि बीट पहिल्याच धुण्यात. मासिकांत त्यांचे फोटो सुंदर येतात, ते तेवढ्यापुरतेच.

आता थोडं बजावून सांगते. थंड पाण्याच्या रंगाची पूड हवेत उडते आणि श्वासात जाऊन काहींना कायमचा दम्यासारखा त्रास देते. डबी उघडताना पंखा बंद, नाकातोंडावर ओला रुमाल किंवा मास्क, हातात रबरी मोजे, मुलं बाहेर. रंगाची बादली, चमचे, गाळणं हे सगळं वेगळं ठेवा. स्वयंपाकघरात ते परत न्यायचं नाही, कितीही घासलं तरी. उरलेलं पाणी तुळशीत किंवा परसातल्या झाडांना घालू नका, त्यातलं मीठ आणि सोडा झाडं मारतात. विहिरीच्या आसपासही ओतू नका. सांडपाण्याच्या गटारात भरपूर पाणी सोडून ओता.

आणि एक वही करा. शाळेच्या जुन्या वहीची कोरी पानं चालतील. प्रत्येक रंगवलेल्या तुकड्याची एक चिंधी स्टेपलरने टोचायची, शेजारी तारीख, कापडाचं वजन, तिन्ही रंगांचे मिली, मीठ, सोडा, आणि खाली कोणता रंग होता ते. सहा महिन्यांनी ‘तसाच अंजिरी हवा’ म्हणून कुणीतरी येतंच, आणि हे रंग नजरेच्या आठवणीत राहत नाहीत, चहासारखा कधी गडद, कधी फिका आठवतो. माझ्या वहीत पहिल्या वीस पानांवर फक्त परकरांच्या चिंध्या आहेत. तुम्हीही परकरापासूनच सुरुवात करा, रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी तो साडीखाली जातो.